सव्वीसपैकी एकवीस

सातपूर, नाशिक
७ जून २०२५

राखी,

तुझा फोन सोमवारपासून बंद आहे. काल तुझ्या आत्यांकडे जाऊन आले. धोंडाबाईंनी दारातूनच सांगितलं, "तिच्या बापानं नेलं तिला नामपूरला. आता नाय यायची ती." पत्ता मागितला तेव्हा त्यांनी तुमच्या शेजारच्या अंगणवाडीताईंचं, मोहिनीताईंचं नाव दिलं. म्हणून हे पत्र त्यांच्या नावावर पाठवते आहे.

मला जेवढं समजलं तेवढं लिहिते. चुकत असेल तर कळव.

वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाने मार्चमध्ये मला कामासाठी मोबाईल ॲप शोधायला सांगितलं होतं, हे तुला माहीत आहे. पद्धत मी ठरवली: एक ॲप तीस दिवस वापरायचं, निष्कर्ष वहीत लिहायचा, मग पुढचं. जुन्या नोंदवह्या स्कॅन करणारं एक झालं. ते शाईचे डाग अक्षरं म्हणून वाचतं. स्वतःसाठीही काही घेतली. पाणी प्यायची आठवण देणारं, बसची वेळ सांगणारं, पावलं मोजणारं. मी शिडीवर उभी राहून पुस्तकं लावते तेव्हा पावलांच्या ॲपच्या मते मी झोपलेली असते.

अभ्यासिकेच्या हजेरीचं ॲप २ मेपासून सुरू केलं आणि हजेरीची वही त्याच दिवशी बंद केली. दाराजवळचा क्यूआर कोड स्कॅन केला की हजर. महिना संपला की पालकांच्या नंबरवर संदेश आपोआप जातो. पालकांचा नंबर तू प्रवेश अर्जात भरला होतास. ३१ मेच्या संध्याकाळी तुझ्या वडिलांना हा संदेश गेला आहे:

"राखी हिरामण खैरनार, आसन क्र. १९. मे महिना, कामाचे दिवस २६. उपस्थिती ०."

ही तांत्रिक त्रुटी आहे. तू येत होतीस, हे मला माहीत आहे. तुझं आसन माझ्या टेबलासमोरच आहे.

तलाठी भरतीची तुझी परीक्षा १३ जुलैला सकाळी नऊ वाजता नाशकातच आहे. हॉल तिकीट वीस तारखेनंतर निघेल. अर्ज आपण इथल्या कॉम्प्युटरवर भरला होता, त्यामुळे क्रमांक माझ्याकडे आहे. मी ते काढून ठेवते. तुझी सामान्य ज्ञानाची वही आणि पाण्याची बाटली माझ्या कपाटात आहे.

तू कशी आहेस ते कळव.

तेजस्विनी गायधनी
ग्रंथपाल


नामपूर
१२ जून

मॅडम,

तुमचं पत्र मोहिनीताईंनी पोषण आहाराच्या वहीत घालून आणून दिलं. आई शेजारीच होती. तिने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. तुमची सही पाहून मला एकदम अभ्यासिकेत बसल्यासारखं वाटलं. "ग्रंथपाल" लिहिल्याशिवाय तुमचं पत्र पुरं होत नाही ना?

काय झालं ते सांगते. सोमवारी मला निघायला उशीर झाला होता, तेवढ्यात बाबा आत्याच्या दारात उभे. हातात मोबाईल. चहासुद्धा घेतला नाही.

"कुठं जात होतीस रोज?"

"वाचनालयात."

"वाचनालयच म्हणतंय नाय म्हणून."

आत्या म्हणाली, दादा, सकाळी आठला डबा घेऊन जाते, संध्याकाळी सहाला येते. बाबा म्हणाले, "तेच इचारतोय. आठ ते सहा कुठं?" आत्याने बोलून माझं नुकसानच केलं.

घरी आल्यावर आई एकदाच बोलली. "मनी पोर अशी नई शे." बाबा म्हणाले, "मग मशीन खोटी शे का?" बाबा मार्केटात मापाडी आहेत, मॅडम. बावीस वर्षं कांदा मोजतात. शेतकरी म्हणतो पन्नास किलो, व्यापारी म्हणतो अठ्ठेचाळीस, बाबा म्हणतात काट्याकडे बघा. काट्यावर आलं ते आलं. घरातसुद्धा तसंच.

तुम्ही तांत्रिक त्रुटी लिहिलंय. पण तुम्हाला आठवत असेल, २ मेला मी तुमच्याकडे आले होते. माझ्याकडे साधा फोन आहे, त्याने स्कॅन होत नाही, असं सांगितलं होतं. मोठा फोन मी जानेवारीतच घरी ठेवून आले, कारण अभ्यासिकेच्या भिंतीवर तुमच्याच अक्षरात पाटी आहे, "स्मार्टफोन आणू नये." तुम्ही म्हणालात, "बस जाऊन. महिनाअखेरीस मी तुझी हजेरी हाताने भरते." म्हणून मी रोज नुसती आत येऊन बसत होते. आता तो डबडा फोनही बाबांच्या बंडीच्या खिशात आहे.

परवा विंचूरचे लोक बघून गेले. मुलगा तिथल्याच एका कंपनीत आहे. मनोज नाव. सगळे म्हणतात चांगला आहे. मी फक्त बूट बघितले. बूट चांगले होते. चातुर्मास लागायच्या आत उरकायचं असं चाललंय. मुहूर्त नाही मिळाला तर काढीव मुहूर्त धरतील.

मॅडम, बाबांना पत्र लिहा. वाचनालयाच्या कागदावर, शिक्का मारून. राखी सव्वीस दिवस हजर होती एवढंच लिहा. बाबा कागद मानतात. स्वतः आलात तर आणखी बरं. आणि एक, सार्थकला काही बोलू देऊ नका. तो अठरा नंबरवर बसतो, त्याच्या मनात आलं तर फोन करील. "ती रोज माझ्या शेजारीच होती" असं एका पोराने सांगितलं की मग हजेरीची गरजच उरणार नाही.

मी इथे शेतसारा आणि फेरफार पाठ करते. वही नाही, म्हणून भाकरी थापताना मनातच. आई विचारते, "काय पुटपुटस?" मी म्हणते, देवाचं नाव.

राखी


सातपूर, नाशिक
१६ जून २०२५

राखी,

तुझं म्हणणं बरोबर आहे. तांत्रिक त्रुटी हा शब्द मी चुकीचा वापरला.

२ मेला तू सांगितलंस आणि मी ते लगेच नोंदवलं. "३१ मे, दुपारी चार, आसन १९, हजेरी हाताने भरणे." ही नोंद मी आठवण करून देणाऱ्या एका ॲपमध्ये केली. त्या ॲपचंही तेव्हा परीक्षण चालू होतं. १९ मेला मी ते काढून टाकलं, कारण ते दर तासाला जाहिराती दाखवत होतं. वहीत निष्कर्ष लिहिला, "उपयोगी नाही." त्यातल्या नोंदी दुसरीकडे उतरवायला हव्या होत्या. मी सात उतरवल्या. आठवी तुझी होती.

यापेक्षा वेगळं कारण नाही.

आता पुरावा. तू संदर्भ विभागातून पुस्तक मागायचीस तेव्हा मागणी चिठ्ठी भरायचीस. तारीख, नाव, पुस्तकाचा दाखल क्रमांक, सही. या चिठ्ठ्या वर्षाअखेरीस रद्दीत जातात, पण त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी माझी टिपणं करते, म्हणून त्या माझ्या खणात होत्या. तीन दिवस शोधल्या. मे महिन्यातल्या तुझ्या एकवीस दिवसांच्या चिठ्ठ्या मिळाल्या. ५, १३, १४, २३ आणि ३० मे, या पाच दिवसांच्या मिळाल्या नाहीत.

ॲपमध्ये मी एकवीस दिवसांची हजेरी भरली आहे. भरताच तुझ्या वडिलांना सुधारित संदेश गेला. तो थांबवण्याची सोय ॲपमध्ये नाही, हे मला त्यानंतर कळलं. त्यांना वाचनालयाच्या कागदावर वेगळं पत्रही पाठवलं आहे. सोबत एकवीस चिठ्ठ्यांच्या दोन्ही बाजूंच्या झेरॉक्स.

सव्वीस मी लिहिलेलं नाही. जे दाखवता येत नाही त्याखाली मला सही करता येत नाही. एका चुकीच्या आकड्याने हे सगळं झालं आहे. तो निस्तरायला दुसरा आकडा अंदाजाने लिहिणं मला योग्य वाटत नाही. एकवीस पुरेसे आहेत, असं माझं मत आहे. कोणीही समंजस माणूस त्यावरून बाकीचे पाच समजून घेईल.

प्रत्यक्ष येण्यापेक्षा कागद जास्त टिकतो, म्हणून पत्रच पाठवलं.

सार्थकने दोनदा विचारलं. त्याला गप्प राहायला सांगितलं आहे.

तुझ्या मनाविरुद्ध काही होत असेल तर महिलांसाठी मदतीचं एक ॲप आहे, त्याचं मी परीक्षण केलं आहे, ते चालतं. हे लिहिल्यावर लक्षात आलं की तुझ्याकडे फोन नाही. १८१ हा नंबर मोहिनीताईंच्या फोनवरूनही लागेल.

तेजस्विनी


नामपूर
२० जून २०२५

ग्रंथपाल मॅडम यांना हिरामण खैरनार यांचा नमस्कार.

तुमचं पत्र पोहोचलं. मेसेजही मिळाला. मी कमी शिकलेला माणूस आहे, दहावी. लिहिण्यात कमीजास्त झालं तर माफी असावी.

पहिल्या मेसेजात शून्य होतं. दुसऱ्यात एकवीस. मॅडम, आमच्या काट्यावर एकाच गोणीचं दोनदा वेगळं वजन आलं तर आम्ही कोणतंच धरत नाही. गोणी बाजूला काढतो.

तरी मी तुमचे एकवीस धरतो. तुम्ही शिकलेल्या आहात, खोटं लिहिणार नाही. खोटं लिहायचं असतं तर सव्वीसच लिहिले असते, एवढं मला कळतं. पण मग पाच दिवस राहिले. ते तुमच्याकडेच नाहीत असं तुमचंच पत्र म्हणतं. ती म्हणते मी तिथंच होते. तुम्ही म्हणता माहीत नाही. मुलीच्या बापानं काय समजायचं? एकवीस दिवस चांगली आणि पाच दिवस कुठं तरी, असं लोकांना सांगू का?

तुमच्या कागदांच्या मागं दळण, दुधीभोपळा, विजेचं बिल, आणि इंग्रजीत कसले तरी आकडे लिहिलेत. हा कागद मी पाहुण्यांना कसा दाखवणार?

आणखी एक. मी २ जूनला तिला घ्यायच्या आधी तुमच्या वाचनालयात येऊन गेलो होतो. तुम्ही टेबलापाशी होत्या. मी मोबाईल पुढं केला आणि विचारलं, मॅडम, हा मेसेज तुमच्याच इथून आला का? तुम्ही म्हणालात, हो, आमच्याच सिस्टिममधून आहे. मान वर केली नाही. मी थोडा वेळ उभा होतो. म्हटलं, काही बोलतील. तुम्ही मोबाईलमध्ये काही टाईप करत होत्या. मग मी निघालो.

त्या दिवशी तुम्ही नुसतं विचारलं असतं, कोणाचा मेसेज, तर मी सांगितलं असतं.

आता तिचं जमलं आहे. मुलगा निर्व्यसनी आहे. तुम्ही त्रास घेऊ नये.

आपला,
हिरामण खैरनार


नामपूर
२२ जून

मॅडम,

लग्न २७ ला आहे, येत्या शुक्रवारी. दुपारी बारा वीस. इथेच नामपूरला, मंगल कार्यालयात. हे पत्र मोहिनीताई उद्या टाकतील. तुम्हाला बुधवारपर्यंत मिळायला हवं.

बाबांनी तुमचं पत्र मला वाचून दाखवलं. दोनदा. "पाच दिवस" आलं की थांबायचे. विंचूरच्यांना फक्त एवढं माहीत आहे की मुलगी नाशकात अभ्यासाला होती. त्यांना मेसेजचं कळायच्या आत लग्न लावायचं, म्हणून घाई. बाबा वाईट नाहीत. ते घाबरलेत. रात्री उठून दाराला कडी आहे का बघतात.

तुमच्याकडे पाच दिवसांच्या चिठ्ठ्या नाहीत, कारण त्या पाच दिवसांत मी पुस्तक मागितलंच नाही. पण मला ते दिवस आठवतात. मला इथे दुसरं काम काय?

५ मे. तुमच्या संदर्भ कपाटाची किल्ली सापडत नव्हती. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, आज स्वतःच्याच वह्या वाचा. किल्ली दुपारी तुमच्या डब्याच्या पिशवीत सापडली. तुम्ही कोणाला सांगितलं नाही, पण मी बघितलं.

१३ आणि १४. सातपूरला दोन दिवस लाईट नव्हती. तुम्ही आमची टेबलं व्हरांड्यात काढायला लावलीत. दुपारी शिफ्ट सुटली तेव्हा मोटारसायकलींच्या आवाजात काही वाचता येईना, तर तुम्ही म्हणालात, "गणितं सोडवा, त्याला शांतता लागत नाही."

२३. माझा डबा विटला होता. तुम्ही काही न बोलता तुमची अर्धी भाकरी आणि घेवड्याची भाजी कागदावर काढून माझ्या टेबलावर ठेवलीत. मीठ जास्त होतं. मी सांगितलं नाही.

३०. त्या दिवशी पहिला क्यूआर कोड फाटला म्हणून तुम्ही भिंतीवर नवा चिकटवत होता. एकटीला तो सरळ बसेना. तुम्ही मला हाक मारलीत. एक टोक तुम्ही धरलं होतं, मॅडम, दुसरं मी.

हजेरीचा कागद मी हातात धरला होता.

आता तुम्हाला आठवलं ना? मग लिहा सव्वीस. लिहून पाठवू नका, घेऊन या. बाबा म्हणालेत, मॅडम समोर येऊन बोलल्या तर मी पुन्हा विचार करीन. रागात म्हणाले, पण म्हणाले. म्हटलेलं ते फिरवत नाहीत. गुरुवारी आलात तरी चालेल.

राखी


सातपूर, नाशिक
२९ जून २०२५

राखी,

पत्र विंचूरच्या पत्त्यावर पाठवते आहे. पत्ता मोहिनीताईंनी दिला.

तुझं पत्र गुरुवारी आलं. गुरुवारी वाचनालय बंद असतं. पोस्टमनने ते दाराखालून आत सरकवलं. मला ते शुक्रवारी सकाळी आठ वाजता, दार उघडल्यावर, पायाखाली मिळालं.

मला पाचही दिवस आठवले. वाचता वाचता नाही, त्याच्या आधीच. "५ मे" एवढं वाचलं आणि किल्ली आठवली. मी तीन दिवस खणात शोधत होते. डोक्यात एकदाही शोधलं नाही.

लगेच प्रमाणपत्र लिहिलं. सव्वीस. सही केली, शिक्का मारला. साडेआठला स्टॅंडवर होते. बसचं ॲप "सटाणा, दहा मिनिटांत" असं दाखवत होतं. पन्नास मिनिटं ते दहा मिनिटंच दाखवत होतं. शेवटी शेजारची बाई म्हणाली, "ताई, त्यात काय बघता, कंट्रोलरला विचारा की." गाडी मी येण्याआधीच गेली होती.

पुढच्या गाडीने सटाण्यावरून नामपूरला, कार्यालयात पोहोचले तेव्हा एक चाळीस झाले होते. पंगत बसली होती. तू स्टेजवर होतीस. तिथून तुला ऐकू आलं नसेल, म्हणून सांगते.

तुझे वडील स्वतः पुढे आले. "मॅडम, आल्या तुम्ही. बसा, जेवून जा." मी उभ्यानेच प्रमाणपत्र दिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पूर्ण वाचलं, शिक्क्यासकट. मग म्हणाले, "सव्वीस?"

मी म्हटलं, "सव्वीस. पाच दिवस मला आठवत नव्हते. आता आठवले."

मग त्यांनी त्याची घडी केली आणि छातीच्या खिशात ठेवली. म्हणाले, "बरं झालं. मनावर दगड होता, तो गेला. पोर चांगलीच होती म्हणायची." त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी एका माणसाला हाक मारून मला ताट वाढायला सांगितलं. मी जेवले. काय होतं ते आठवत नाही.

२ जूनला ते माझ्यासमोर उभे होते, हे त्यांनी तुला सांगितलं असेल. ते खरं आहे. त्यांनी जेवढं विचारलं तेवढंच उत्तर मी दिलं. त्या वेळी मी पाणी प्यायच्या ॲपचा निष्कर्ष लिहीत होते. तुला पहिलं पत्र लिहिताना मला ते गृहस्थ आठवले होते. ते तुझे वडील असतील असं वाटलंही होतं. मी लिहिलं नाही.

आहेर द्यायला रांगेतून वर आले तेव्हा तू एकच विचारलंस. "मॅडम, एकोणीस नंबर कोणाला दिला?" मी म्हटलं, "अजून कोणाला नाही." ते खोटं होतं. जूनपासून, सलग सात दिवस हजेरी नसली की ॲप आसन मोकळं करतं आणि प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या नावाला देतं. १० जूनलाच ते गेलं. तुला ते आसन रिकामं नाही असं सांगणं मला जमलं नाही.

पाच दिवसांसाठी असं पुराव्याशिवाय बोलणं जमलं असतं तर, हा विचार मी तेव्हापासून करते आहे. ते तर खोटंही नव्हतं.

आहेराच्या पाकिटात तुझं हॉल तिकीट आहे. परीक्षा अजून व्हायची आहे. विंचूरहून नाशिक दीड-दोन तासांचं आहे. १३ जुलैला साडेसात वाजल्यापासून मी केंद्राच्या फाटकापाशी तुझी वही आणि बाटली घेऊन उभी असेन. घरच्यांना माझं नाव सांग. कोणाला माझ्याशी बोलायचं असेल तर मी बोलेन. मान वर करून बोलेन.

मंडळाने काल हजेरीच्या ॲपचं पूर्ण वर्षाचं सदस्यत्व घ्यायचं ठरवलं. मी विरोध नोंदवला. अध्यक्ष म्हणाले, "अहो मॅडम, पालक खूश आहेत. एवढा चोख रिपोर्ट याआधी कधी मिळाला होता?"

तेजस्विनी


सातपूर, नाशिक
१३ जुलै २०२५

राखी,

सकाळी साडेसात ते दुपारी बारा फाटकापाशी होते. साडेआठला फाटक बंद झालं. त्यानंतरही थांबले.

हजेरीची वही मी पुन्हा सुरू केली आहे, माझ्यापुरती. मंडळाला माहीत नाही.

वही आणि बाटली परत कपाटात ठेवली.

तेजस्विनी


विंचूर
३ ऑगस्ट

मॅडम,

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. सासूबाईंनी फोडून दिली. त्यांना वाचता येत नाही, पण पत्र फोडूनच द्यायचं असतं असं त्यांना वाटतं. नणंदेने वाचून दाखवायची तयारी दाखवली होती. मी म्हटलं, वाचनालयाचं आहे, पुस्तक परत करा म्हणतात. तिचा रस गेला.

आहेराची पाकिटं लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर उघडली. तुमचं आलं तेव्हा नणंद म्हणाली, "यात तर नुसता कागद हे. कोण गं ही कंजूष?" सगळे हसले. मीपण हसले. मनोज म्हणजे माझे मिस्टर. त्यांनी कागद घेऊन नीट वाचला. म्हणाले, "परीक्षा? या महिन्यात कशी देणार, घरात पाहुणे आहेत. पुढच्या वेळी बघू." चांगलं बोलले. ओरडले नाहीत. हॉल तिकीट कपाटात घड्याळाच्या रिकाम्या डबीत आहे. त्याच्यावरचा माझा फोटो चांगला आलाय, तुम्ही अभ्यासिकेच्या निळ्या पडद्यासमोर काढला होता तोच.

तेरा तारखेला मी इथेच होते. कांद्याच्या चाळीत, जिथे कांदा साठवतात तिथे, निवडायला सात बायका होत्या, त्यांचा चहा माझ्याकडे होता. साडेआठला मला वाटलं, आता फाटक बंद झालं असेल. तुम्ही उभ्या असाल, हे मला माहीत होतं. तुम्ही लिहिलं होतं म्हणून नाही. तुम्ही लिहिता तसं करता.

बाबा मागच्या आठवड्यात आले होते. तुमचा सव्वीसचा कागद त्यांनी लॅमिनेशन करून आणलाय. मनोजना दाखवला, सासऱ्यांना दाखवला. म्हणाले, "बघा, एक दिवस चुकवला नाही पोरीनं." त्यांना एवढं खूश मी दहावीच्या निकालानंतर पहिल्यांदा बघितलं. आता ते मला रागावत नाहीत. मला त्यांच्यावर रागावता येत नाही. आई बरोबर आली नव्हती. तिने डब्यात चिवडा पाठवला होता, आणि तळाशी मार्केटच्या पावतीमागे मी लग्नाआधी चोरून लिहिलेली फेरफाराची यादी. चुलीमागे पडली होती म्हणे.

मला मोठा फोन मिळालाय. मनोजनीच घेतला, नवाकोरा. तुम्हाला फोन करता आला असता, पण पत्रच लिहिते, कारण फोनवर कोणाशी किती वेळ बोलले ते त्यांच्या फोनवर दिसतं. त्यांनी त्यात एक ॲप टाकून दिलंय. संशय म्हणून नाही, काळजी म्हणून, असं म्हणाले. कंपनीतल्या सगळ्यांनी बायकांच्या फोनमध्ये टाकलंय. मी कुठे आहे ते त्यांना कंपनीत बसून कळतं. घराबाहेर शंभर पावलांवर गेले की तिकडे घंटी वाजते. पिठाच्या गिरणीवर गेले होते तर दळण संपायच्या आत फोन आला. संध्याकाळी आले की ते दिवसाचा नकाशा काढून मला दाखवतात.

तुम्ही ॲपचे निष्कर्ष लिहिता ना, म्हणून कळवते. हे तीस दिवस वापरून झालं आहे. स्कॅन करावं लागत नाही. लाईट गेली तरी चालतं. हाताने काही भरावं लागत नाही. मी जिथे असते तिथेच दाखवतं, मॅडम.

एकही दिवस चुकलेला नाही.

राखी